कुठलं पोतं कशासाठी: पहिल्यांदा मिरची घेणाऱ्यांना

लग्नानंतर पुण्यात बिऱ्हाड केलं त्या पहिल्या उन्हाळ्यात मी मोठ्या ऐटीत वर्षाचं तिखट करायला निघाले. दुकानात सात-आठ पोती तोंड उघडून मांडलेली. त्यातलं सगळ्यांत गुळगुळीत, चकचकीत लाल पोतं मी बोटानं दाखवलं, दोन किलो तोलून घेतली, डंकावरून कुटून आणली. संध्याकाळी सवयीनं आमटीत दोन चमचे तिखट घातलं. नवरा दुसऱ्या घासाला उठला तो थेट फ्रिजपाशी. एवढं करून आमटीला रंग म्हणाल तर विटकरी. आईला फोन लावला तर तिचा पहिलाच प्रश्न, "अगं, रंगाची कुठली घेतलीस?"

रंगाची वेगळी आणि तिखटाची वेगळी घ्यायची असते, हे मला तोवर माहीतच नव्हतं. माझी दोन्ही किलो गुंटूर होती. आईनं सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी जाऊन दोन किलो ब्याडगी आणली, वेगळी कुटली, आधीच्यात मिसळली आणि आम्ही ते तिखट पावणेदोन वर्षं पुरवलं. तुमच्यावर ही पाळी येऊ नये म्हणून हे सगळं.

तिखटपणा असतो कुठे

एक हिरवी मिरची उभी चिरा. आत देठापासून खाली उतरणारी पांढरट शीर दिसेल, तिलाच बिया चिकटलेल्या असतात. मिरचीचा तिखटपणा, म्हणजे कॅप्सेसिन, त्या शिरेत तयार होतो. बियांना आपण उगाच बदनाम करतो. त्या शिरेला लागून असतात म्हणून त्यांना तिखट लागतं, एवढंच. त्यामुळे भाजी सौम्य हवी असेल तर नुसत्या बिया झटकून भागत नाही, चमच्याच्या टोकानं शीर खरवडून काढावी लागते.

यातूनच चव बघायची पद्धत निघते. मिरचीचं शेंडीकडचं टोक चाखून "अगदीच मिळमिळीत आहे" असं ठरवू नका. शीर जाड असते ती देठाकडे. तिथला चकतीएवढा तुकडा कापायचा आणि जिभेच्या टोकाला नुसता लावायचा. अर्धा मिनिट थांबायचं, कारण काही मिरच्या उशिरा चढतात.

आणि एकाच झाडाच्या दोन मिरच्या सारख्या तिखट असतील याची खात्री नाही. पाण्याचा ताण बसलेल्या झाडाची मिरची सहसा जास्त झोंबते. उन्हाळ्यात भाजीवाल्या मावशी "जपून घाला ताई" म्हणतात ते उगाच नाही.

वाळलेल्या मिरच्या: तोंडओळख

दुकानात नावं भराभर घेतली जातात आणि नवखा माणूस गोंधळतो. मी पहिल्यांदा शिकणाऱ्याला इतकंच सांगते: साल सुरकुतलेली आहे की गुळगुळीत, लांबी किती, आणि नाकाला काय येतं, एवढं बघा.

ब्याडगी. हिच्यापासूनच सुरुवात करा, कारण ही न ओळखता येणं म्हणजे तिखटाचा रंग हातचा घालवणं. साल अशी सुरकुतलेली की वाळलेल्या खारकेची आठवण यावी. रंग गडद, जवळजवळ काळपट लाल. तिखटपणा अगदी कमी, वास मात्र गोडसर. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातलं ब्याडगी हे हिचं गाव, आणि 2011 साली हिला भौगोलिक मानांकन मिळालं. हिच्यात दोन प्रकार येतात. कड्डी म्हणजे लांब, सडपातळ, कमी बियांची. कन्नडमध्ये कड्डी म्हणजे काडी. डब्बी म्हणजे आखूड, फुगीर, भरपूर बियांची. चार-पाच मिरच्या कोमट पाण्यात भिजत घातल्या की पाणी लाल होतं आणि वाटण शेंदरी-लाल उतरतं. तांबडा रस्सा, माशाचं कालवण, शेजवान चटणी, जिथे डोळ्यांना रंग हवा तिथे ही.

संकेश्वरी. मी कोल्हापूरकडची, त्यामुळे इथे माझा पक्षपात धरून चाला. संकेश्वर गाव बेळगाव जिल्ह्यातलं, पण या मिरचीचे सौदे गडहिंग्लजला निघतात आणि जवारी, म्हणजे गावरान, म्हणून ती आमच्याकडे मान मिळवते. लांब, बारीक, पातळ सालीची. रंग ब्याडगीइतका गडद नाही, थोडा नारिंगीकडे झुकणारा. तिखट आहे, पण नुसती आग नाही, मागे चव ठेवणारी. खरी संकेश्वरी महाग असते. गुंटूरच्या भावात कुणी "अस्सल संकेश्वरी" देत असेल तर हसून पुढच्या दुकानात जावं.

गुंटूर. आंध्रातली. साल गुळगुळीत, थोडी जाड, चकचकीत. माझं ते पहिलं पोतं. हिच्यातली सन्नम ही जात सर्वांत जास्त दिसते आणि तिचा तिखटपणा 35 ते 40 हजार स्कोव्हिल सांगतात. हे स्कोव्हिल माप विल्बर स्कोव्हिल या अमेरिकी औषधशास्त्रज्ञानं 1912 साली काढलं. मिरचीचा अर्क साखरपाण्यात पातळ करत जायचा आणि चाखणाऱ्यांना तिखट लागेनासं होईपर्यंत किती पट पातळ करावा लागला ते मोजायचं. ढोबळी मिरची या मापावर शून्य. तेजा ही गुंटूरकडूनच येणारी दुसरी जात, बारीक आणि सन्नमपेक्षा बरीच जहाल. घरच्या तिखटात तेजा मुठीनं घालायची, किलोनं नाही.

लवंगी. लवंगेसारखी आखूड, बारीक. आकारावर जाऊ नका. हिची ठिणगी दोन बोटांच्या चिमटीत मावते.

काश्मिरी. बाजारात या नावानं जे मिळतं ते काश्मीरहूनच आलेलं असतं असं नाही. रंगाच्या, सौम्य मिरचीला आता हे नावच पडून गेलंय. ब्याडगी चांगली मिळत असेल तर मी काश्मिरीच्या वाटेला जात नाही.

बाकी मुंबईच्या मसालेवाल्यांकडे पांडी आणि गुजरातकडची रेशमपट्टी दिसेल, नागपूरकडे भिवापुरी. गोव्यात गेलात तर काणकोणातली खोला मिरची आणि पेडण्याकडची हरमल मिरसांग विचारा. दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, पिकतात थोड्या, आणि कालवणाला लागणारं आंबट-तिखटाचं गणित गोंयकारांनी त्यांच्यावरच बसवलंय. तसंही मिरची आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर समुद्रावरून आली. त्याआधी इथला तिखटपणा मिरी, पिंपळी आणि आल्यावर चालायचा.

पोत्यासमोर उभं राहिल्यावर

खरेदी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये करा. नवा माल आलेला असतो आणि घरी ऊन द्यायला आकाश मोकळं असतं. मेच्या शेवटी वळवाच्या पावसात डंकासमोर रांगेत उभं राहणं मी एकदा केलंय, पुन्हा नाही.

मूठभर मिरच्या हातात घ्या. एक कानाशी हलवा: नीट वाळलेली असेल तर बिया खुळखुळतात. मग मोडा. कटकन मोडली तर ठीक. चामड्यासारखी वाकत असेल तर ओल आहे, आणि ओलीचे पैसे तुम्ही मिरचीच्या भावानं देताय. पातळ सालीची ब्याडगी मोडताना थोडी वाकते, तिला एवढी सूट द्या. मोडलेल्या मिरचीच्या आत बघा. बाहेरून देखणी आणि आत राखाडी बुरशी, असा माल पावसात सापडलेल्या खळ्यावरून हमखास येतो. वासही घ्या, कुबट वास आला तर भाव कितीही उतरवला तरी घेऊ नका.

पांढरट, रंग उडालेल्या मिरच्यांना बाजारात फटकी म्हणतात. दहा-वीस दिसल्या तर हरकत नाही, पण पोत्याच्या वरच्या थरात एकही नाही आणि हात खाली घातला की सगळी फटकीच, असंही असतं. म्हणून हात कोपरापर्यंत खाली घाला. दुकानदार नाक मुरडेल. मुरडू दे.

तयार पूड घ्यायची वेळ आली तर पेलाभर पाण्यावर चिमूटभर सोडून बघा. पाण्यात विरघळणारा रंग मिसळलेला असेल तर रंगाच्या रेघा लगेच खाली उतरू लागतात. मिरचीचा स्वतःचा रंग पाण्यात असा झटकन सुटत नाही.

प्रमाण म्हणाल तर पहिल्या वर्षी किलोला अर्धा किलो ब्याडगी, तीनशे ग्रॅम संकेश्वरी, दोनशे ग्रॅम गुंटूर किंवा लवंगी घ्या. संकेश्वरी मिळाली नाही तर ब्याडगी साडेसहाशे आणि गुंटूर साडेतीनशे. हे मध्यम तिखट. घरात लहान मुलं असतील तर गुंटूर शंभरावर आणा आणि तेवढी ब्याडगी वाढवा. चौघांच्या घराला मी पहिल्या खेपेला दीड किलोवर जाऊ देत नाही. कमी पडलं तर पुन्हा करता येतं.

देठ, ऊन, डंक

मिरच्या जुन्या चादरीवर पसरून दोन दिवस कडक ऊन द्या. मग देठ मोडायला बसा. हे काम दिसतं सोपं, पण दोन किलोला दुपार जाते आणि बोटांच्या पेरांना आग लागते. खोबरेल लावून बसा किंवा सरळ हातमोजे घाला. मी एका वर्षी देठ मोडून झाल्यावर साबणानं दोनदा हात धुतले, जेवले, गप्पा मारल्या, आणि रात्री कॉन्टॅक्ट लेन्स काढायला डोळ्यात बोट घातलं. त्यापुढचा अर्धा तास नळाखाली गेला. लेन्सवाल्यांनी हातमोज्यांना पर्याय शोधू नये.

साधं तिखट करायचं असेल तर मिरच्या भाजायच्या नाहीत. ऊन पुरतं, आणि रंगही टिकतो. कांदा-लसूण मसाल्याला (आमच्याकडे त्याला नुसतं चटणी म्हणतात, आणि पुण्यात "डब्यात चटणी दे" म्हटलं की लोक नारळाची काढून देतात) मिरच्या थोड्या तेलावर गरम करून घेतात. त्या वेळी खिडक्या उघड्या, दार उघडं, गॅस बारीक. मिरची फुगली आणि कुरकुरीत झाली की उतरवायची. काळी पडू दिलीत तर मसाला कडू होतो आणि शेजारच्या ब्लॉकमधूनही खोकल्याचे आवाज येतात. डंकावर जाताना आपला डबा आणि जुनं पातेलं न्या, आणि आधीच्या गिऱ्हाइकानं हळद कुटली नाही ना हे विचारा.

हिरवी मिरची आणि ठेचा

हिरवीत ओळख सोपी. बारीक, गडद हिरवी, टोकदार असेल तर तिखट. फिकट पोपटी, लांब, सुरकुतलेली असेल तर मध्यम. ज्वाला साधारण अशी दिसते. जाड, मांसल, फिकट भावनगरी ही भज्यांची आणि भरायची. हा नियम दहातल्या आठ वेळा चालतो. उरलेल्या दोन वेळांसाठी देठाजवळची ती चकती आहे.

ठेच्याला दोन्ही मिसळून घ्या: दहा पोपटी, पाच गडद. सगळ्या तिखट घेतल्या तर ठेचा खाता येत नाही, नुसता चाटता येतो, आणि मग मिरचीची चवच कळत नाही. धुऊन पूर्ण कोरड्या करा. देठ काढा आणि प्रत्येकीला एक चीर द्या. चीर विसरलात तर तव्यावर फुटून गरम तेल तोंडावर उडतं.

लोखंडी तवा तापवा, टेबलस्पूनभर शेंगदाणा तेल, त्यावर मिरच्या. मध्यम आच. त्यांना एका जागी राहू द्या, सारखं ढवळू नका, डाग पडायला वेळ लागतो. एका बाजूला तपकिरी डाग आले की परता, मग दहा-बारा लसणीच्या पाकळ्या, दोन मोठे चमचे शेंगदाणे आणि अर्धा चमचा जिरं टाका. लसूण कडेनं सोनेरी दिसली की गॅस बंद. जाडं मीठ घाला आणि तव्यातच तांब्याच्या बुडानं रगडा. आधी लसूण आणि मीठ एका बाजूला ओढून चिरडा, मग मिरच्या त्यात ओढा. मीठ खरखरीत असतं म्हणून साल फाटते आणि मिरचीचा रस तव्यावरच्या तेलात उतरतो. दाणे शेवटी, नुसते दुभंगेपर्यंत. मिक्सरमध्ये हेच सगळं गेलं की हिरवी पेस्ट होते. चव वाईट नसते, पण तिला ठेचा म्हणू नका, ठेचलंय कुठे? कोल्हापुरात यालाच खर्डा म्हणतात. ज्वारीची भाकरी, कच्चं तेल, दही आणि बुक्कीनं फोडलेला कांदा.

भावनगरी जास्त आली तर सांडगी मिरची करा. चीर देऊन आत धणे-मेथीची भरड, हिंग, मीठ भरायचं, रात्री आंबट ताकात बुडवायच्या, दिवसा उन्हात. पाच-सहा दिवसांत पांढरट होऊन वाळतात. तळून दहीभातावर चुरडायच्या.

तर्री का येत नाही

नवख्यांची ही नेहमीची तक्रार. मिरचीचा रंगही तेलात उतरतो आणि तिखटपणाही तेलातच. पाण्यात शिजणाऱ्या रश्शात वरून तिखट टाकलं तर ते तरंगत राहतं. फोडणी झाली, कांदा-खोबऱ्याचं वाटण परतून कडेनं तेल सुटलं, की गॅस अगदी बारीक करा आणि मग तिखट घाला. आठ-दहा सेकंद हलवा, लगेच अर्धी वाटी गरम पाणी. कडकडीत तेलात पूड नुसती पडली तर डोळ्यांदेखत काळी होते आणि ती कडू चव कशानंही झाकत नाही. गरम पाणी घातल्यावर झाकण ठेवून मंद आचेवर दहा मिनिटं सोडा. तेल लाल होऊन वर येतं. थंड पाणी घातलंत तर तर्री रुसते, हा माझा अनुभव.

आणि शिजवून तिखटपणा कमी होईल या आशेवर राहू नका. कॅप्सेसिन उकळण्याला दाद देत नाही.

झोंबल्यावर

मिरची जिभेवरच्या ज्या संवेदकाला जाऊन चिकटते तोच संवेदक खरं भाजलं तरी जागा होतो. "तोंड पोळलं" असं आपण म्हणतो ते म्हणजे अगदी शब्दशः खरं. हा संवेदक शोधून काढल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल विभागून मिळालं. पाण्याचा उपयोग होत नाही कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, गुळण्या केल्या की उलट सगळीकडे पसरतं. दूध, दही, ताक घ्या. हाताला आधी तेल चोळा, मग भांड्याचा साबण, मग पाणी. डोळ्याला मात्र तेल-दूध काही नको, भरपूर साधं पाणी.

भाजीच तिखट झाली तर दाण्याचं कूट, नारळाचं दूध किंवा साय घाला, त्यावर चिमूटभर गूळ आणि थोडी चिंच किंवा कोकम. बटाटा टाकून तिखट "शोषून" घेण्याचा सल्ला फार फिरतो. बटाटा रस्सा शोषतो, त्यातलं तिखट वेगळं काढून घेत नाही. रस्सा वाढतो म्हणून थोडा फरक पडतो, मग सरळ रस्साच वाढवा.

ईशान्येकडच्या सहलीहून कुणी भूत जोलोकिया घेऊन आलं तर ठेच्याचा विचार मनातही आणू नका. 2007 साली गिनेस बुकानं तिला जगातली सर्वांत तिखट मिरची म्हटलं तेव्हा आकडा होता 10,01,304 स्कोव्हिल, म्हणजे आपल्या गुंटूरच्या पंचवीसपट. नंतर तिच्याही पुढच्या निघाल्या. लोणच्याच्या अख्ख्या बरणीत एक, देठासकट, टोचून टाकायची. बास.

परदेशात असाल आणि जवळ भारतीय दुकान नसेल तर मेक्सिकन दुकानात जा. ग्वाहियो ही रंगाला आणि सौम्यपणाला ब्याडगीच्या जवळची, साल मात्र जाड, म्हणून भिजवून वाटा. चिले दे आर्बोल गुंटूरच्या जागी. हिरव्यात सेरानोचा ठेचा चांगला होतो, हालापेन्यो भरायला बरी. शिकागोतली माझी बहीण याच दोन वाळलेल्या मिरच्या दोनास एक घेऊन रस्सा करते. वास वेगळा येतो, पण तर्री येते.

साठवण

तिखट डंकावरून गरमच येतं. ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या, नाहीतर बरणीच्या झाकणाला घाम धरतो आणि गुठळ्या होतात. काचेची कोरडी बरणी, तळाशी आणि वर हिंगाचे दोन-दोन खडे, दाबून भरा. रोजच्या वापराला छोटी डबी वेगळी, मोठी बरणी अंधाऱ्या कपाटात. उजेडानं रंग उडतो. पावसाळ्यात दमट हवेच्या गावात राहत असाल तर अर्धं तिखट फ्रिजमध्ये ठेवा. हिरव्या मिरच्या देठ काढून, कोरड्या करून, डब्यात कागद घालून ठेवल्या की दोन आठवडे निघतात.

आणि बरणीवर चिठ्ठी चिकटवा: कुठली मिरची किती, महिना कुठला. माझ्या कपाटातल्या बरणीवर यंदा लिहिलंय, "ब्या. 800, सं. 450, लवं. 150, मार्च. लवंगी पुढच्या वेळी 100."